मगरींना दिलेले अभय

पूर्वी तमाला नदीकाठच्या तमालपुरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव सुदंत. त्याने महीसेनाच्या आजोबांची सेवा केली होती, वडिलांची केली होती आणि आता नातवाची करीत होता. त्याचे केस पांढरे झाले होते, पायऱ्या चढताना गुडघे दुखत, आणि दरबारात कुणी बोलू लागले की ते बोलणे कुठे जाऊन संपणार हे त्याला आधीच कळत असे. लोक याला शहाणपण म्हणत. सुदंताला त्याचा फक्त शीण येई.

त्याची बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुली आपापल्या घरी सुखात होत्या. उत्तरेकडच्या डोंगरात एका झऱ्याजवळ त्याने पर्णकुटीसाठी जागा पाहून ठेवली होती. पावसाळा सरला की तो दरवर्षी राजाकडे निरोप मागे. राजा दरवर्षी म्हणे, "अमात्य, एवढे एक काम उरका, मग खुशाल जा." सुदंत ते काम उरकी. मग दुसरे येई.

त्या हिवाळ्यात जे काम आले ते मगरींचे होते.

नगराच्या खालच्या अंगाला तमाला नदीचा मोठा डोह होता. महीसेनाच्या आजोबांनी तरुणपणी खूप शिकार केली होती, आणि उतारवयात त्यांना रक्त पाहवेनासे झाले होते. तेव्हा त्यांनी त्या डोहाला अभय दिले. तिथे मासे धरावेत, नाव चालवावी, पण मगरीवर कुणी शस्त्र उचलू नये, अशी आज्ञा झाली. त्यांच्या मुलाने ती पाळली, नातवाने पाळली. मगरी वाढल्या. डोहाच्या काठी भोयांची वस्ती होती आणि अलीकडे मगरी तिथल्या घाटापर्यंत येऊ लागल्या होत्या. आधी शेळ्या गेल्या. मग धुणे धुणारी एक म्हातारी गेली. त्या शरद ऋतूत सोमिल नावाचा नावाडी घाटावर नाव बांधत असताना त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत पाण्यात ओढला गेला.

त्याच सुमारास शेजारच्या शैलकूट देशाचा राजपुत्र वज्रकेतू तमालपुरात आला. त्याच्या महालात भिंतींवर गवे, वाघ आणि अस्वले यांची डोकी लावलेली होती. मगरीचे डोके तेवढे नव्हते. तो उद्धट माणूस नव्हता. राजसभेत त्याने आपले मागणे नीट मांडले.

"दर हिवाळ्यात मी आणि माझे काही मित्र येऊ," तो म्हणाला. "डोहातल्या सर्वांत मोठ्या असतील तेवढ्याच मोजक्या मगरी मारू. डोकी आणि कातडी आम्ही नेऊ. बदल्यात माझ्या अरण्यातले सालवृक्षाचे लाकूड तुमच्या काठाला उतरेल. त्याचे कुंपण घाटाभोवती पाण्यात घालून घ्या. तुमची माणसे वाचतील आणि मगरीही संपणार नाहीत. सीमेवरच्या कुरणांचा जुना तंटाही मी मिटवून टाकतो."

सेनापती म्हणाला, "यात नाही म्हणण्यासारखे काय आहे, ते मला तरी दिसत नाही."

पुरोहित म्हणाला, "आजोबांनी दिलेले अभय नातवाने लाकडाच्या बदल्यात विकावे, हे मला बरे दिसत नाही."

"आणि माणसे गेली ती बरी दिसतात का?" सेनापतीने विचारले.

सभा उठल्यावर राजाने सुदंताला मागे थांबवून घेतले. "अमात्य, तुम्ही डोहावर जा. पाहा, विचारा आणि काय ते ठरवा. तुमचा शब्द तोच माझा शब्द. हे झाले की तुम्ही मोकळे. या वेळी मी मनापासून सांगतो."

राजा खरे बोलत होता हे सुदंताला दिसले, आणि त्याला भीती वाटली. ठरवायला त्याला एक शब्द पुरला असता. हो म्हटले की राजपुत्र खूश, राजा खूश, सेनापती खूश, घाटाला कुंपण, आणि तो स्वतः महिन्याभरात झऱ्याकाठी. नाही म्हटले तर कुंपण कुठून आणायचे, कुणी घालायचे, या प्रश्नांची उत्तरे त्यालाच शोधावी लागणार होती. डोलीत बसून नदीकडे जाताना त्याने मनाशी कबूल केले की त्याला हो म्हणायचे आहे. त्याची कारणेही तयार होती आणि ती वाईट नव्हती.

भोयांचा नाईक पुण्णक हा रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने अमात्याला आपल्या अंगणात बसवले, भाजलेला मासा आणि भात पुढे ठेवला. सुदंताने मासा बाजूला ठेवून भात खाल्ला आणि विचारले, "तुमचे काय म्हणणे आहे?"

"आम्हाला कुंपण हवे, आर्य," पुण्णक म्हणाला. "लाकूड कुणाचे, ते आम्ही विचारत नाही."

"मगरी मारलेल्या चालतील?"

"माझ्या आजोबांनी कधी मारल्या नाहीत. वडिलांनीही नाही. पण त्यांच्या काळात मगरी घाटावर येत नव्हत्या." त्याने अमात्यापुढे आणखी भात वाढला. "चालतील, आर्य. माझी माणसे जगली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी राजपुत्र डोहावर आला. हिवाळ्याचे ऊन वर आले होते आणि पलीकडच्या वाळूवर मगरी अंग शेकत पडल्या होत्या. लांबून त्या पुरात वाहून आलेल्या ओंडक्यांसारख्या दिसत होत्या. वस्तीतली माणसे काठावर जमली. सोमिलाची विधवा तिष्याही आली होती. ती तिशीच्या आतबाहेरची, सडपातळ बाई होती. तिचे डोळे कोरडे होते.

राजपुत्र तिच्याशी अदबीने बोलला. "बाई, तुझ्या नवऱ्याला कोणत्या मगरीने नेले ते दाखव. माझा पहिला बाण तिला लागेल."

तिष्याने वाळूकडे बराच वेळ पाहिले. "मला नाही ओळखता येत," ती म्हणाली. "मी ह्यांच्याकडे बघत होते. मगरीकडे नव्हते बघत."

मग तीच म्हणाली, "सगळ्या मारा."

राजपुत्र किंचित हसला. "सगळ्या कशा मारीन? मोठ्या असतील तेवढ्या."

"धाकट्या काय गवत खातात?"

सुदंत इतका वेळ काठीवर हात टेकून उभा होता. तो म्हणाला, "राजपुत्र, तिने विचारले तेच मी विचारतो. सगळ्या माराल का?"

"सगळ्या मारल्या तर पुढच्या हिवाळ्यात मी येऊ कशाला?" राजपुत्र म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. मनात होते तेच त्याने सांगितले.

"पाण्यातले लाकूड कुजते. काही वर्षांनी ते बदलावे लागेल. तोवर मोठ्या मगरी सरल्या असल्या तर?"

"आमचे ठरले ते मगरींवर, अमात्य. मगर नाही तर लाकूड कशाबद्दल द्यायचे?"

सुदंताने मान हलवली. पुण्णक नाईकाने हे ऐकले होते. त्याने एकदा राजपुत्राकडे आणि एकदा पाण्याकडे पाहिले.

दुपारी माणसे पांगली. सुदंत एकटाच काठावर बसून राहिला. समोर, नदी जिथे अरुंद होती तिथे, एक फार मोठी मगर वाळूवर आली. ती म्हातारी होती. पाठीवरचे खवले झिजले होते, जबडा उघडा होता आणि पुढचे बरेच दात नव्हते. वज्रकेतूच्या भिंतीवर शोभले असते असे तेच डोके होते. तिने सोमिलाला खाल्ले असेल किंवा नसेल. सुदंत तिच्याकडे पाहत राहिला. आपल्याला तिची दया येईल असे त्याला वाटले होते. तशी काही माया त्याच्या मनात आली नाही. ती कुरूप आणि थंड होती, तिला त्याचे काहीच नव्हते. तो पाण्यात पडला असता तर तिने त्यालाही ओढले असते.

तरी एक गोष्ट त्याला सोडीना. तिला भूक लागते म्हणून ती माणूस नेते. आपण तिचे डोके देणार ते भुकेपोटी नाही, भीतीपोटीही नाही. कुणाच्या तरी भिंतीवर एक जागा रिकामी आहे, म्हणून. शिवाय आज हो म्हटले तर या वस्तीचे रक्षण कायमचे त्या भिंतीच्या हवाली होईल. मगरी असाव्यात, मोठ्या असाव्यात, माणसांना त्यांची भीती असावी, म्हणजे लाकूड येत राहील. तिष्याच्या दारापुढचे संकट मिटवण्यात मग कुणाचाच लाभ उरणार नाही.

हे त्याला इतके स्पष्ट दिसले की त्याला वाईट वाटले. दिसले नसते तर तो डोंगरात गेला असता. झऱ्याचे पाणी कसे होते, तिथल्या खडकावर सकाळी ऊन कसे पडते, हे त्याने एकदा नीट आठवून घेतले. मग हात टेकून तो उठला.

राजपुत्राला त्याने त्याच संध्याकाळी नकार कळवला.

"म्हणजे माझे लाकूड नको," वज्रकेतू म्हणाला, "आणि लोक मेले तरी तुम्हाला चालतील."

"लोक मला तसेच म्हणतील," सुदंत म्हणाला.

"कुरणांचा तंटा तसाच राहील, हेही लक्षात घ्या."

"घेतले आहे."

राजपुत्र रागावला नाही. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समजून त्याने खांदे उडवले आणि तो आपल्या देशी परतला. वसंतात त्याच्या गुराख्यांनी सीमेवरची कुरणे बळकावली. तमालपूरची गुरे पुढे बरीच वर्षे तिकडे चरायला जाऊ शकली नाहीत.

राजा मात्र रागावला. "अमात्य, तुम्ही नाही म्हणालात, ठीक आहे. पण त्या वस्तीला मी काय देऊ? माझ्या राज्यात साल नाही."

"महाराजांच्या नव्या सभामंडपासाठी आणलेले लाकूड मागल्या चौकात रचून ठेवले आहे," सुदंत म्हणाला.

तो मंडप व्हावा ही राजाची लहानपणापासूनची इच्छा होती. त्यासाठी दूरदेशाहून कारागीर बोलावले होते. "आणि मगर घाटात शिरलीच तर?" त्याने विचारले.

"जाळ्यात धरू आणि वरच्या अरण्यातल्या डोहात नेऊन सोडू. ते जमले नाही आणि माणसाच्या जिवावर बेतले, तर आपलीच माणसे तिला मारतील. पण शिंगे-ढोल वाजवून नाही. तिचा एक दातही कुणी घरी नेणार नाही."

"लाकूड न्या," राजा शेवटी म्हणाला. "पण हे तुम्ही ठरवले आहे, तेव्हा तडीसही तुम्हीच न्या. तोवर मी तुम्हाला निरोप देणार नाही."

"ते मला ठाऊक होते, महाराज," सुदंत म्हणाला.

नदीतले काम हळू चालते. सोट पाण्यात उभे करायचे, वरून घाव घालून गाळात रोवायचे, आडवे वासे वेताने बांधायचे. गाळ मऊ होता, सोट कलत. आदल्या दिवशी उभी केलेली ओळ सकाळी वाकडी झालेली असे. वस्तीतल्या बायकांनी पाण्यासाठी नदीवर यावेच लागू नये म्हणून सुदंताने वर विहिरी खणायला घेतल्या. पहिल्या विहिरीला खडक लागला. मासे साफ केल्यावर आतडी घाटावरच टाकली जात, त्या वासाने मगरी जवळ येत. ते थांबवायला त्याला घरोघर जाऊन सांगावे लागले, आणि जिथे सांगितले तिथे आठवड्याने पुन्हा सांगावे लागले. त्याला खोकला झाला. रात्री पाय ठणकत. तो नाईकाच्या पडवीत झोपे आणि उजाडले की पुन्हा काठावर जाऊन उभा राही.

उन्हाळ्यात पाणी आटले आणि मगरी अरुंद डोहात दाटल्या. कुंपण अजून अर्धेच झाले होते. एका सकाळी पुण्णक नाईकाचा धाकटा भाऊ अर्ध्या कुंपणाच्या बाहेर जाळे सोडवायला उतरला आणि परत आला नाही.

वस्ती सुदंतावर उलटली. बायका त्याच्या तोंडावर बोलल्या. राजपुत्राचे लाकूड हिवाळ्यातच आले असते, पुष्कळ आले असते, हे सगळ्यांना आठवले. पुण्णक शिव्या देत नव्हता. तो अंगणात बसून होता. सुदंत त्याच्यापुढे जाऊन बसला.

"आर्य," पुण्णक म्हणाला, "तुम्ही हो म्हणाला असता तर माझा भाऊ आज जिवंत असता."

"असता कदाचित," सुदंत म्हणाला.

आपण मांडलेली कारणे त्याच्या मनात होती. लाकूड कुजते, राजपुत्राची भिंत कधी भरत नाही, हे सगळे. त्यातले एकही त्या अंगणात बोलण्यासारखे नव्हते. तो संध्याकाळपर्यंत तिथे बसला. कुणी त्याला पाणी विचारले नाही. अंधार पडताना तो उठला. या रात्री निघून गेलो तर कुणी अडवणार नाही, उलट लोकांना बरेच वाटेल, असे त्याच्या मनात आले. तो पडवीत गेला, आडवा झाला, आणि त्याला झोप लागली नाही.

सकाळी तो घाटावर गेला तेव्हा तिथे एकही माणूस कामाला आला नव्हता. त्याने एकट्याने एका कललेल्या सोटाला दोर बांधला आणि ओढू लागला. सोट हलला नाही. तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा ओढू लागला. किती वेळ गेला कोण जाणे. मग दोराला मागून आणखी दोन हात लागले. ती तिष्या होती.

"मी तुम्हाला माफ केलेले नाही," ती म्हणाली. "मला अजूनही वाटते, सगळ्या मारायला हव्यात."

"बरे," सुदंत म्हणाला.

"पण सोट वाकडा आहे. डावीकडून ओढा, बाबा."

दोघांनी डावीकडून ओढले. तो थोडा सरळ झाला. दुपारपर्यंत आणखी काही माणसे आली. कुणी सुदंताशी बोलले नाही, पण काम चालू झाले. बाराव्याचे विधी आटोपल्यावर पुण्णक नाईकही आला आणि घण उचलून पाण्यात उतरला.

कुंपण पुढच्या वर्षी पुरे झाले. विहिरींना पाणी लागले. पुरात दोनदा कुंपणाची एक बाजू वाहून गेली आणि दोन्ही वेळा पुन्हा बांधावी लागली. घाटात शिरलेली एक मगर जाळ्यात धरून गाडीवरून वरच्या अरण्यात सोडली. एक धरता आली नाही. तिला भोयांनी भाल्यांनी मारले आणि वाळूत पुरले. सुदंत त्या वेळी हजर होता. तो शेवटपर्यंत थांबला. त्यानंतर घाटावरून मगरीने कुणाला नेले नाही. ती म्हातारी मगर एका थंडीत वाळूवर मेलेली सापडली. तिचे डोके कुणी नेले नाही. गिधाडांनी आपले काम केले.

राजाने सुदंताला निरोप दिला तेव्हा त्याचे गुडघे डोंगर चढण्यासारखे राहिले नव्हते. लोकांनी डोली देऊ केली. तो म्हणाला, तिथवर जाऊन आता काय करू. नदीकाठीच, कुंपण दिसेल अशा जागी, पुण्णकाने त्याला एक झोपडी बांधून दिली. तिष्या सकाळी भात आणून ठेवी. त्यांच्यात फारसे बोलणे होत नसे. कधी ती म्हणे, "तिसऱ्या ओळीतला सोट कुजला आहे." तो म्हणे, "मग बदलायला हवा." काही वर्षे अशी गेली आणि एका पहाटे तो आपल्या कर्मानुसार पुढे गेला. पुण्णकाने आणि भोयांनी त्याची चिता रचली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली ती एका तरुण भिक्खूसाठी. उत्तीय त्याचे नाव. विहारातल्या एका असाध्य रोग्याची शुश्रूषा त्याच्याकडे होती. रोगी बरा होत नव्हता, मरत नव्हता, आणि उत्तीयावर सतत चिडत असे. उत्तीय एक दिवस येऊन म्हणाला होता, "भंते, मी थकलो. मला अरण्यात ध्यानाला जाऊ द्या." शास्त्यांनी त्याला जा किंवा थांब असे काही सांगितले नव्हते. त्यांनी ही हकिकत सांगितली.

कथा संपवून ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा राजा महीसेन म्हणजे आताचा आनंद. तिष्या म्हणजे भिक्खुणी सुमित्ता. ती तेव्हाही गोड बोलत नव्हती आणि आताही बोलत नाही. राजपुत्र वज्रकेतू म्हणजे मागे खांबाला टेकून बसलेला तो गृहस्थ, ज्याने गेल्या वर्षी आपले धनुष्य मोडून टाकले. पुण्णक नाईक तू होतास, उत्तीया. भाऊ गमावूनही तू घण उचललास. आणि सुदंत अमात्य तो मीच."

"आणि ती मगर, भंते?" कुणीतरी विचारले.

"ती कोण होती, हे विचारून काय करायचे आहे?" शास्ते म्हणाले. "ती कोण आहे हे पाहून अभय दिलेले नव्हते."

मग ते उत्तीयाकडे वळले. "त्या जन्मी मला करुणा सहज आली नाही. मगरीवर माझे प्रेम नव्हते आणि लोकांचे माझ्यावर नव्हते. मी फार थकलो होतो. थकलेले असताना जे योग्य दिसले ते टाकून दिले नाही, एवढेच माझ्या हातून झाले. त्याला वीर्यपारमिता, म्हणजे प्रयत्न न सोडण्याची पूर्णता, म्हणतात."

उत्तीयाने वंदन केले. अरण्यात जाण्याबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही. थोडा वेळ बसून तो उठला आणि रोग्याच्या खोलीकडे गेला, कारण त्याची कूस बदलायची वेळ झाली होती.